सर्वेशच्या मानेवर धरलेला डूख

मित्रांनो, मी कापडाचा आहे, जुना आहे आणि मनात धरून ठेवणारा आहे. जीपच्या डोक्यावर काळा हूड दिसतो ना, तो मी. जीपबरोबर कारखान्यातून आलेला नव्हे, मागाहून बसवलेला. म्हणजे नव्या सुनेसारखा. घरात काहीही बिघडलं की बोट आधी माझ्याकडे.

माझा जन्म मुंबईकडच्या एका शेडमध्ये झाला. दुहेरी कापड, जाड दोरा, पुढच्या काचेवर घट्ट बसायला रबराची पट्टी आणि मला ताठ धरायला तीन लोखंडी कमानी. "नीट बसवला तर थेंब आत यायचा नाही," असं म्हणून कारागिराने माझ्यावरून हात फिरवला. बिचाऱ्याने सर्वेशला पाहिलं नव्हतं.

सर्वेश समुद्राकाठच्या देवबागचा. घरी पाहुणे ठेवायचा आणि नांदगाव स्टेशनवरून त्यांना जीपने आणायचा. त्याने मला कुणाला न विचारता एकट्यानेच बसवलं. रबराची पट्टी उलटी लावली. माझं एक टोक पोचेना, तेव्हा ड्रायव्हरच्या डोक्यावर कापडातून थेट स्क्रू पिळला. मधली कमान डोक्याला लागते म्हणून काढून कोंबड्यांच्या खुराड्याला बांधली.

"अरे, ती कित्याक तरी दिली असतली मां?" त्याची आई, माई, म्हणाली.

"कंपनीवाले कायतरी जास्तीचा घालतत गो!"

त्या स्क्रूची कळ मी विसरलो नाही. त्याच दिवशी मी डूख धरला.

जीपने वेग घेतला की उलट्या पट्टीखालून वारा शिरायचा आणि मी शिट्टी मारायचो. अशी शिट्टी, की नांदगावच्या फलाटावर लोकांनी गाडी आली म्हणून सामान उचललं, आणि धामापूरच्या तळ्यावरचे बगळे उडाले ते आठवडाभर परत आले नाहीत. खोटं वाटत असेल तर बगळ्यांना विचारा.

एकदा पुण्याच्या बाई म्हणाल्या, "अहो, गाडीत शिट्टी कोण वाजवतंय?"

"समुद्राचा वारा आहे मॅडम," सर्वेश शुद्ध मराठीत उत्तरला. "पॅकेजमध्येच धरलाय."

तेवढ्यात मी स्क्रूच्या भोकातून एक गार थेंब सोडला. नेमका त्याच्या कॉलरच्या आत. मला त्याची गोडी लागली. मग पाऊस असला की मी त्याची मान कधी सुकू दिली नाही. त्याने चिकटपट्टी लावली, मेण थापलं, एकदा तर चघळलेलं च्युइंगम कोंबलं. "ह्यो हूड नाय, चाळण आसा!" म्हणत वरून बुक्की मारली. ती बुक्कीही मी जपून ठेवली.

मग चतुर्थीचा आदला दिवस आला. धामापूरच्या गणपतीच्या शाळेतून मूर्ती आणायची होती. शाडूची, कच्च्या मातीची. पाणी लागलं की विरघळणारी. सर्वेश गाडी चालवत होता, शेजारी त्याची बहीण तन्वी, आणि मागे मांडीवर पाटासकट गणपती घेऊन माई.

"हूड गळता. टेम्पो सांगूया," माई निघतानाच म्हणाली होती.

"काय होना नाय."

चौके गावाच्या अलीकडे पाऊस कोसळू लागला. मधली कमान नव्हती, तिथे माझ्यात झोळी पडली. झोळीत घागरभर पाणी साचलं आणि ती लोंबू लागली बरोबर गणपतीच्या मुकुटावर. झोळीच्या तळाशी माझा एकच टाका उरला होता, तोही कुजका.

मित्रांनो, असा मोका सात जन्मांत मिळत नाही. तो टाका सोडला असता, तर "गणपती विरघळवणारो सर्वेश" म्हणून त्याची नातवंडंसुद्धा ओळखली गेली असती. मी सोडणारच होतो. पण माझं भांडण गणपतीशी नव्हतं. आणि अख्ख्या घरात गोड्या पाण्याने माझ्या अंगावरचं खारं पुसायची ती एकटी माई. तिने पदर मूर्तीवर धरला होता आणि ओठ हलत होते. मी टाका आवळून धरला. कापड असूनही मला घाम फुटला.

उतारावर एक म्हैस आडवी आली. सर्वेशने करकचून ब्रेक मारला. झोळीतलं सगळं पाणी उसळून पुढे धावलं आणि त्यानेच पाडलेल्या भोकातून, च्युइंगमसकट, त्याच्या मानेत ओतलं गेलं.

"मेलंय गे!" तो ओरडला.

"तू नाय मेलंस. देव भिजलो असतो तर मेलो असतंस," माई म्हणाली. "उठ थंयसून! तन्वी, तू चालव. सर्वेशा, तू मागे ये रे, आणि हूड टकलेन वर धरून उबो रव!"

मान मोडून, डोक्याने मला वर रेटत, सर्वेश देवबागपर्यंत गणपतीवर वाकून उभा राहिला. पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी ओघळत गेलं. वाटेत राधाबाईंच्या दुकानापाशी गाडी हळू झाली, तशा त्या बाहेर डोकावल्या.

"सर्वेशा, सगळ्या वाटेर नमस्कार करत इलंस काय रे?"

गणपती कोरडा घरी पोचला. सर्वेशची मान मात्र आरतीला सरळ होईना.

विसर्जनानंतर दुरुस्ती निघाली. खुराड्यातली कमान परत आली, रबराची पट्टी सुलट झाली, पट्टे दोन्हीकडून सारखे ताणले, स्क्रू निघून भोकावर ठिगळ बसलं. शिट्टी थांबली. मग गळती शोधायला सर्वेश खडू घेऊन आत बसला आणि माई बाहेरून पंपाचा पाइप धरून उभी राहिली.

"खंय पडता?"

"माझ्या टकलेर!"

"खूण कर!"

तो खूण करी, तन्वी तिथे शिवणीला लेप लावी. शेवटी सगळ्या शिवणी बुजल्या.

"आता नाय पडत गो माई, बंद कर!"

"बघतंय हां," असं म्हणत माईने दार उघडलं आणि पाइप सरळ आत धरला. "खात्री नको?"

मित्रांनो, तुमच्याकडे एखादी छत्री, पन्हळ, खिडकी कुरकुरत असेल तर तिला शिव्या देऊ नका. आजच बघा, हात लावा, नीट बसवा. आम्हाला बोलता येत नाही. पण कुणाची मान नेमकी कुठे असते, ते आम्हाला पाठ असतं.