चाळीस ड्रम

"माल कच्चा हाय, शैलेशभाई. मी सही नाय करत."

नवशीने चाळणीखालचं ताट सुपरवायझर शैलेशच्या पुढ्यात सरकवलं. ताटात मूठभर पांढरी भुकटी होती. चांगल्या मालाची चिमूटभरही पडत नाही. फिरत्या पिंपात अर्धा तास भाजलेल्या मातीचे गोळे घोळवायचे, मग चाळायचे आणि खाली काय पडतं ते बघायचं. तलासरीच्या त्या सिरॅमिक कारखान्यात एकोणीस वर्षं ती हेच काम करत होती.

"पुन्हा घोळव," शैलेश म्हणाला.

"तीनदा घोळवलं. सोमवारी भट्टीचा गॅस दोनदा गेला ना? पुरता भाजलाच नाय ह्यो माल."

गॅस गेला होता हे शैलेशलाही ठाऊक होतं. बाहेर ट्रक उभा होता. चाळीस ड्रम सील करून रांगेत लावले होते आणि रिफायनरीतून सकाळपासून दोन फोन येऊन गेले होते.

"नवशीबेन, समजून घे ना. आठ दिवसांत त्यांचं दुरुस्तीचं शटडाउन संपतंय. पुढच्या चार ड्रममध्ये मागच्या खेपेचा चांगला माल टाकलाय. तिथं बाकीचे कोण उघडून बघणार?"

"आत पडल्यावर तेल बघंल."

शैलेश हसला. "तुला काय माहीत तेलाचं?"

नवशीला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी रिफायनरीतून पूर्वी नावाच्या मॅडम तपासणीला आल्या होत्या. इंजिनीयर, वयाने नवशीच्या मुलीएवढ्या. हे भोकाभोकांचे गोळे जातात कुठे, असं नवशीने त्यांना विचारलं होतं. एवढ्या वर्षांत तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. मॅडमनी तिथेच स्टुलावर बसून कागदावर चित्र काढलं. तीन ताड एकावर एक ठेवावेत एवढी उंच लोखंडी टाकी. तिच्यात काठोकाठ बारीक, महागडे दाणे. त्यांना उत्प्रेरक म्हणतात. तेल साफ होतं ते त्यांच्यामुळे. वरून येणारं तेल पाइपातला गंज, कचरा, काजळी घेऊन येतं. ती घाण दाण्यांत बसली की वाट बुजते. म्हणून दाण्यांच्या वर तुमच्या गोळ्यांचा थर. घाण त्यांनी धरायची, खाली जाऊ द्यायची नाही.

"आन् गोळंच फुटलं तर?" नवशीने विचारलं होतं.

"मग घाण तुमचीच."

"ती काढतं कोण?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं होतं. मग म्हणाल्या, "माणूस उतरतो आत. तोंडाला नळीचा मुखवटा लावून. आत हवा नसते. नळी निसटली तर दोन मिनिटंही मिळत नाहीत."

जाताना त्यांनी कारखान्याला लेखी कळवलं की तपासणीच्या कागदावर तपासणाऱ्या माणसाचीच सही पाहिजे. तोवर नवशी अंगठा लावायची. मुलीकडून आठवडाभर गिरवून ती सही शिकली.

"रश्मी करेल सही," शैलेश आता म्हणाला. रश्मी ऑफिसातली, डहाणूहून यायची. तिने दारातूनच मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. "आणि तू उद्यापासून माती खात्यात जा. तपासणीच्या टेबलावर बसून लई शहाणी झालीस."

जेवणाची घंटा झाली. सगळे शेडमागच्या सावलीत गेले. तिच्या सोबतिणीने, रूपीने, भाकरीवर सुकटाची चटणी घालून नवशीसाठी जागा धरली. नवशी आलीच नाही.

नापास मालावर खूण करायचा लाल रंगाचा डबा तिच्याच ताब्यात असे. तिने ब्रश बुडवला आणि पहिल्या ड्रमच्या झाकणावर मोठी फुली मारली. मग दुसऱ्या. घाई केली नाही. एकही फुली अर्धी सोडली नाही. सदतिसाव्या ड्रमपाशी रंग तळाला गेला, तेव्हा तिने डबा ब्रशने खरवडून उरलेले तीन पुरे केले. मग नळावर हात धुतले, तरी लाली उरली, आणि जाऊन रूपीच्या शेजारी जेवायला बसली.

"हातांना काय झालं गो?" रूपीने विचारलं.

"काम."

शैलेशचा आवाज आला तेव्हा तिची भाकर अर्धी उरली होती. ती पुरी खाऊनच उठली.

"ही काय मस्ती आहे? हिरू, थिनर आण! पुसून काढ सगळं!"

हिरू वीस वर्षांपासूनचा जुना भट्टीवाला. सोमवारी गॅस गेला तेव्हा भट्टी पुन्हा तापू द्या म्हणून त्याने सांगितलं होतं आणि शिव्या खाल्ल्या होत्या. त्याने डोकं खाजवलं. "थिनर संपला, शैलेशभाई."

थिनरचा भरलेला कॅन त्याच्या मागे दोन हातांवर होता. सगळ्यांना दिसत होता. कुणी हललं नाही.

ट्रकवाला संदीप खाली उतरून ड्रमांची रांग बघत होता. "लाल खुणेचा माल मी नाय चढवत," तो म्हणाला. "तिकडं गेटवरनं परत धाडतात, वर माझं नाव काळ्या यादीत. तुमचं निस्तरा, मग बोलवा." त्याने ट्रक रिकामाच वळवला आणि हायवेला लागला.

शैलेश नवशीसमोर येऊन उभा राहिला. "कारखान्याचं नाव घालवलंस तू."

"नाव राखलं," नवशी म्हणाली. "मॅडमचा नंबर हाय माझ्याकडं. तुम्ही फोन करता का मी करू?"

फोन शैलेशनेच केला. भट्टी बिघडली, माल चार दिवस उशिरा येईल, असं सांगितलं. पलीकडून ओरडा झाला असावा, कारण तो बराच वेळ नुसतं 'हो मॅडम' म्हणत राहिला. माल पुन्हा भाजला गेला. पाचव्या दिवशी चाळीस ड्रम निघाले आणि गेटवर पासही झाले. त्या कागदावर सही रश्मीची होती.

नवशी मातीत होती. माती खात्यात बाया रांग करून उभ्या राहतात आणि घमेली हातोहात मिक्सरपर्यंत पोचवतात. नाकातोंडात पांढरी धूळ जाते, संध्याकाळी कंबर सरळ होत नाही. एकोणीस वर्षांपूर्वी ती इथूनच वर गेली होती. आता पन्नाशीला आली होती. पहिल्या दिवशी बायांनी सरकून तिला रांगेत मधली जागा दिली. तिथे वाकावं कमी लागतं.

महिना होत आला तेव्हा शैलेश तिथे आला. नवशीच्या जागी बसवलेल्या रश्मीचं टेबलावर मन लागत नव्हतं. ती डहाणूच्या ऑफिसात बदली मागत होती. तो रांगेच्या तोंडाशी, मिक्सरच्या वाटेत उभा राहिला.

"नवशीबेन, शेठ विचारत होते तुझं. चुकलं एवढं म्हण माझ्यासमोर. उद्यापासून टेबलावर बस."

बायांचे हात थांबले. नवशीच्या हातात भरलेलं घमेलं होतं. कपाळावरची धूळ घामाने ओघळून भुवईत आली होती. तिने शैलेशकडे पाहिलं, मग त्याच्या पायांकडे.

"बाजूला व्हा, शैलेशभाई," ती म्हणाली. "घमेलं जड हाय."

तो बाजूला झाला.