गोजराबाईनं यंत्राला पाणी पाजलं

बासष्ट सालच्या पौषात पौडच्या शाळेत पुण्याहून एक प्रदर्शन आलं. साडेचारशे वर्षांपूर्वी इटलीत होऊन गेलेल्या एका कलंदरानं वहीत काढून ठेवलेली यंत्रं हौशी मंडळींनी लाकडात घडवली होती.

गोजराबाई नवऱ्याला, गेणबाला, घेऊन आली ती एकाच यंत्रासाठी. ते पाणी वर चढवतं, असं तिच्या कानावर आलं होतं. तिचं घर मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला. खाली डोळ्यांपुढं अथांग पाणी, आणि वांग्याच्या वाफ्यासाठी घागरी वाहून दोघांच्या माना आखडलेल्या.

यंत्र म्हणजे तिरपा लाकडी नळा. आत स्क्रूसारखा पीळ, वर फिरवायला दांडा, खालचं तोंड पत्र्याच्या परातीत. परात कोरडी ठणठणीत.

"पानी कुटं हाय?"

"बाई, हे नुसतं बघायचं," प्रदर्शनाबरोबर आलेले पुण्याचे साहेब म्हणाले. "पाण्यानं पॉलिश जाईल."

"मंग चढतंय कशावरनं?"

"पुस्तकात लिहिलंय तसं."

गोजराबाईनं आधी कोरड्या परातीकडं, मग ओसरीवरच्या रांजणाकडं बघितलं. गेणबा हळूच दाराकडं सरकला. वीस वर्षांच्या संसारात ती असं बघायला लागली की काहीतरी घडलंच होतं.

"अवं," ती कुजबुजली, "त्या पंखांपाशी जावा आन साहेबाला काय बी इचारा. लांबडं इचारा."

माणसानं बांधून उडायचे लाकडी पंख शेजारीच टांगले होते. गेणबानं घसा खाकरला. "साहेब, ह्ये बांधून मानूस उडला, तर फांदीवर बसताना पाय कुटं ठिवायचं?"

साहेबांनी चष्मा पुसला आणि ते मनापासून समजावू लागले.

तेवढ्यात ओसरीवरच्या रांजणातले तीन तांबे पदराआडून परातीत रिकामे झाले. गोजराबाईनं जात्यासारखा दांडा गरागरा फिरवला. नळा कुरकुरला, गुरगुरला, आणि वरच्या तोंडातून निघालेली धार थेट साहेबांच्या बुटांवर पडली.

"चढलं! अवं, चढलं की!"

साहेब लालबुंद होऊन वळले. ओरडायला तोंड उघडलं, पण नजर धारेवरच खिळली. सहा महिने गावोगाव त्यांनी हे यंत्र कोरडंच समजावलं होतं.

"सरका," म्हणत त्यांनी बाह्या दुमडल्या आणि स्वतःच दांडा धरला. गेणबाला आणखी पाण्याला पिटाळलं.

"साहेब, धरनापासनं माज्या वाफ्यापत्तुर केवढा करावा लागंल?"

साहेबांनी चढ विचारला, फळ्यावर आकडे मांडले. "तीनशे फूट. आणि फिरवायला चार बैल."

दोन्ही हातांत तांबे घेऊन धापा टाकत येणाऱ्या गेणबाकडं गोजराबाईनं नीट बघून घेतलं.

"ऱ्हाऊ द्या मंग. घरचं यंत्र बरं हाय."

"कंचं यंत्र?" गेणबानं विचारलं. त्याला कुणीच सांगितलं नाही.