आठव्या मिनिटाच्या टाळ्या

डाव्या नडगीच्या पॅडवर मधोमध एक तडा होता — केसाएवढा, खालून वर जाताना जरासा उजवीकडे कललेला — आणि रसेल एंटविसल त्यावरून अंगठ्याचं नख फिरवत होता. गेली अकरा वर्षं प्रत्येक सामन्याआधी तो हेच करत आला होता; फक्त आज नख जरा जास्त दाबून. आणखी दाबलं तर पॅडचे दोन तुकडे होतील. होऊ देत. आठ मिनिटांसाठी कसली नडगी सांभाळायची?

आठ मिनिटं. आज त्याचा निरोपाचा सामना; पाठीवरचा आकडा आठ, म्हणून आठव्या मिनिटाला टाळ्या, आणि टाळ्यांसरशी बाहेर. पाठीवर तीस असता तर अर्धा तास तरी मिळाला असता. तीस आकडा राखीव गोलकीपरचा होता — म्हणजे ज्या माणसाने चार वर्षं बाकावर बसून मध्यंतराची संत्री सोलली, त्याचा निरोप रसेलच्या निरोपापेक्षा जवळजवळ चौपट लांब झाला असता.

आणि या टाळ्या तरी कुणाच्या? गेल्या मोसमात मैदानाची निगा राखणारा म्हातारा सिरिल वारला, तेव्हा एकाहत्तराव्या मिनिटाला सगळं गाव उभं राहून टाळ्या वाजवत होतं, कारण सिरिल एकाहत्तर वर्षांचा होता. त्याआधी कुणाची तरी आजी, त्याआधी कुणीतरी बसचालक… मेलेल्या माणसांच्या टाळ्या आहेत या. सिरिलला निदान त्या ऐकाव्या लागल्या नाहीत.

“झाली का तयारी, राजा?” मॉरीन दारातून म्हणाली. सत्तावीस वर्षं ती क्लबचे कपडे धूत होती आणि क्लबच्या अध्यक्षासकट सगळ्यांना राजा म्हणत होती. “शर्टाला इस्त्री केलीय तुझ्या.”

“फुटबॉलच्या शर्टाला कधी इस्त्री करतात का, मॉरीन?”

“आज करतात,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

“छान झालीय,” रसेल म्हणाला. त्याच्या मनात कुणीतरी भांडी आपटत होतं — मी कधी म्हणालो मी खेळणं सोडतोय म्हणून? कुणाला म्हणालो? मी छत्तीसचा आहे, सत्तरचा नाही. गुडघा दुखतो, पण तो चोविसाव्या वर्षीही दुखत होता, तेव्हा नाही कुणी इस्त्री केली!

तो म्हणाला होता फक्त ‘बघू’. फेब्रुवारीत, ऑलिव्हर पेनच्या खोलीत. पेन मॅनेजर होता, तेहतीस वर्षांचा, म्हणजे रसेलहून तीन वर्षांनी लहान, आणि तो प्रत्येक प्रश्न असा विचारायचा की समोरच्याला आपलं नुकतंच ऑपरेशन झालंय असं वाटावं. “या मोसमानंतर तुमच्या मनात काय आहे, रस?” आणि रसेल म्हणाला, “बघू.” त्याला वाटलं होतं पेन म्हणेल, बघू काय, राहा की अजून एक वर्ष, मधल्या फळीत दुसरं आहे कोण आपल्याकडे? पण पेन शिकलेला माणूस. त्याने मान हलवली, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “मी समजू शकतो.” काय समजला ते विचारणं बरं दिसलं नसतं. दोन दिवसांनी क्लबने जाहीर केलं — कॉल्डरब्रुकचा कप्तान पंधरा वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त. तेव्हाच खुलासा करायला फोन उचलायला हवा होता. उचललाही होता, पण तेवढ्यात मॉरीन गळ्यात पडून रडली. एखादी बाई आपल्या गळ्यात पडून रडल्यावर तिला ‘अहो, माझं अजून काही ठरलेलं नाही’ असं सांगणं कॉल्डरब्रुकमध्ये अंगावर धावून जाण्यापेक्षा वाईट समजलं जातं. मग त्याच्या नावाचे मफलर छापून आले. मग महापौरांचं पत्र. आठवड्यागणिक खरं बोलणं जास्त उद्धट होत गेलं.

राग यायचा तो याचा की रागावायला गुन्हेगारच सापडत नव्हता. सगळे चांगले वागत होते. एकाने — गावातल्या एका तरी माणसाने — ‘तुला खेळणं सोडायचंय का?’ म्हणून विचारायला हवं होतं.

सकाळी हेलनपाशी बोलला तेव्हा ती टोस्टला लोणी लावत होती. बायको असल्यामुळे तिला सभ्यपणाची सक्ती नव्हती.

“तुला नको होतं तर तोंड उघडायचं होतंस.”

“आज सांगतो. सामन्याआधी सांगतो.”

“आज?” तिने सुरी खाली ठेवली. “आईने केक केलाय, रस. आठच्या आकड्याचा. खालचं वर्तुळ दोनदा मोडलं तिचं.”

कुणाचं आयुष्य केकपुढे टिकलंय?

आता पेन टॅबलेट घेऊन त्याच्या शेजारी बसला. पडद्यावर बाण होते. “साडेसात मिनिटं झाली की चेंडू तुमच्याकडे येईल. तुम्ही तो सरळ रेषेबाहेर मारायचा. मग दोन्ही संघ तुमच्या मानासाठी दोन ओळी करतील, तुम्ही मधून बाहेर. त्यांच्या मॅनेजरशी बोललोय, ते तयार आहेत. फार भले लोक आहेत.” दोन्ही संघांना यंदा ना वरच्या श्रेणीत जायचं होतं ना खालच्या, त्यामुळे भलं असायला कुणाचं काही जात नव्हतं. “इथे उभे राहा, म्हणजे बाहेर यायला जवळ पडेल.” त्याने बोटाने जागा दाखवली.

जवळ पडेल… पंधरा वर्षं मी मैदानाच्या मध्यावर उभा राहिलो, अरे, दोन्ही गोलांपासून सर्वांत लांब, आणि हा मला दाराशी उभं करतोय, लग्नात पाहुण्यांच्या स्वागताला उभ्या केलेल्या मामासारखं!

“सोयीचं आहे,” रसेल म्हणाला.

तीन वाजता ऊन होतं. पहिला पास त्याने चुकून इतका जोरात मारला की आपल्याच बचावपटूने वळून पाहिलं. दुसऱ्या मिनिटाला तो चेंडू हिसकावायला समोरच्या खेळाडूवर गेला, आणि तो बाजूला झाला. नुसता बाजूला झाला, लिफ्टमधून म्हाताऱ्याला आधी बाहेर पडू द्यावं तसा. चौथ्या मिनिटाला पुन्हा तेच. पाचव्या मिनिटाला कुणीतरी त्याला “सॉरी” म्हणालं. सॉरी! या मैदानावर त्याचे दोन दात पडले होते तेव्हा कुणी म्हणालं नव्हतं.

आणि समोर मधोमध उभा होता विरुद्ध संघाचा गॅव्हिन डकवर्थ. पस्तिशीचा, टकलावर घाम, कोपरं बाहेर. पॅडवरचा तडा त्याच्या बुटाचा होता. अकरा वर्षांपूर्वी तो तडा पॅडमधून हाडापर्यंत गेला होता आणि रसेल पाच महिने घरी बसला होता. या माणसाने त्याला आजवर एकही चेंडू फुकट दिला नव्हता. याच्यावर भरवसा ठेवता येत होता.

साडेसात मिनिटं. चेंडू आला — बाणाप्रमाणे, बरोबर पायात. टाळ्या सुरू झाल्या, आधी एका कोपऱ्यातून, मग चारी बाजूंनी. सहा हजार माणसं उभी. रेषेवर चौथा पंच खेळाडू बदलायची लाल आकड्यांची पाटी घेऊन तयार. रसेलने चेंडूवर बुटाचा तळवा ठेवला.

आणि बाहेर मारला नाही.

टाळ्या चालू राहिल्या. कुणी जवळ येईना. तो चेंडू घेऊन वळला आणि मैदानाच्या मध्याकडे चालू लागला, चालतच, आणि वाट आपोआप मोकळी होत गेली. टाळ्यांचा ताल जरा विसकटला. डकवर्थ तेवढा हलला नाही. हात मागे बांधून उभा होता. डकवर्थ, हात मागे!

“मार की बाहेर,” डकवर्थ ओठ न हलवता म्हणाला. “हात दुखतायत लोकांचे.”

“घे ना. ये, घे माझ्याकडून.”

“वेडा झालास का? टीव्हीवर आहे.”

“अकरा वर्षांपूर्वी विचारलं होतंस टीव्हीला?”

“रांग मोडू नकोस, रस. पुढच्या मोसमात माझा नंबर आहे. माझा आकडा चार.” त्याने जमिनीकडे पाहिलं. “चारच मिनिटं, साल्या. तू मजेत आहेस.”

रसेलला हसू यायला हवं होतं. त्याऐवजी त्याच्या तोंडून तो प्रश्न निघाला, तीन महिने ज्याची तो स्वतः वाट पाहत होता, आणि निघाला तो भलत्याच माणसासाठी.

“तुला खेळणं सोडायचंय का, गॅव्ह?”

डकवर्थने वर पाहिलं.

“बघू,” तो म्हणाला.

मग त्याचे मागे बांधलेले हात सुटले. वजन डाव्या पायावर गेलं, उजवा खांदा किंचित खाली आला — हे रसेलने एकदा पाहिलेलं होतं, आणि नंतर पाच महिने छताकडे बघत पुन्हा पुन्हा पाहिलेलं होतं. मोज्याच्या आत, त्या तड्याखाली, कातडी खाजली. रसेल राग चाचपत होता, तर राग हाताला लागेना. टाळ्या कुठे होत्या तेही कळेना. तळव्याखाली चेंडू जिवंत जनावरासारखा जरा हलला, आणि त्याच्या हळूहळू ध्यानात आलं की आपल्याला भीती वाटतेय. चांगली, जुनी, मधल्या फळीतली भीती.