बाजेखालची शेगडी

साहेब, माझ्या भावाला थंडीनं नाही, तुम्ही मारलं. बिभीषण शेवगावच्या उन्हात वाढलेला. तुम्ही त्याची बदली नगरच्या गोदामातून थेट अमृतसरला केली आणि राहायला सिमेंटची गार खोली दिली. त्यानं हीटर मागितला तर फोनवर हसलात, "नगरची माणसं काटक असतात रे!"

मग त्यानं आईला फोन लावला. "आई, लई गारठलोय."

"खुळ्या, बाळंतिणीच्या बाजंखाली निखाऱ्याची शेगडी ठेवत्यात न्हाई का? तशी ठेव की!"

"मी काय बाळंतीण हाय व्हय?" तो हसला.

पण शेगडी त्यानं ठेवली. आमच्या पत्र्याच्या घरात फटीफटीतून वारा खेळतो. तिथं गारठ्यापायी दार-खिडकी घट्ट लावलेली. निखाऱ्यांचा विषारी वायू खोलीत कोंडला आणि बिभीषण झोपेतच गेला.

तुम्ही म्हणता, चूक त्याची. आईनं तर जेवण सोडलंय. "म्याच मारलं ना रं त्याला?" एवढंच विचारते. मी नाही म्हणतो, तिला पटत नाही. तुम्ही शेवगावला या, तिच्यासमोर बसा आणि सांगा, त्या खोलीत हीटर का नव्हता?