पाऊस न पाहिलेली छत्री

मी एक जुनी छत्री आहे, मित्रांनो, पण पाऊस कसा असतो ते मला ठाऊक नाही. माझ्या अंगावर पाणी उडालं ते एकदाच. एका हौशी बापाने फोटोसाठी आपल्या बाळाला उंच उचललं होतं, आणि ते पाणी आभाळातलं नव्हतं, एवढंच सांगते.

माझं काम उजेडाचं. बंगळुरूच्या शिवाजीनगरात, बस स्टँडच्या मागच्या गल्लीत, भांड्यांच्या दुकानावर एक फोटो स्टुडिओ आहे. तिथेच माझं आयुष्य गेलं. खाली पितळेवर ठोके पडत असतात, रस्त्यावरून रिक्षांचे हॉर्न येत असतात, आणि वर कुणीतरी श्वास रोखून कॅमेऱ्याकडे बघत असतं.

जन्माने मी साधी काळी छत्री, वाकड्या मुठीची. निपाणीहून या शहरात आलेल्या कल्लाप्पाअण्णांनी मला विकत घेतलं आणि थेट कोपऱ्यावर छत्र्या दुरुस्त करत बसणाऱ्या उमाजीपुढे ठेवलं.

"हिला आतनं पांढरं कापड लाव," अण्णा म्हणाले.

उमाजीने मला उघडून पाहिलं, मिटून पाहिलं, मग अण्णांकडे पाहिलं. "आतनं? पाऊस भाइरनं पडतोय, अण्णा."

"आमच्याकडं उजेड आतनं पडतोय. तू लाव तर खरं."

उमाजीने माझी वाकडी मूठ कापली आणि आतून पांढरंशुभ्र पॉपलीन ताणून शिवलं. त्या दिवशी मी बाहेरून काळी आणि आतून चांदण्यासारखी झाले. मूठ गेल्याचं थोडं वाईट वाटलं, पण नवं लुगडं मिळाल्यावर जुन्या दुःखांची आठवण किती दिवस राहणार!

माझं काम दिसायला अगदी उलटं आहे. मला एका उंच स्टँडवर बसवतात. दिवा माझ्या पोटाकडे तोंड करतो आणि माणसाकडे पाठ. नवीन गिऱ्हाइकाला वाटतं, फोटोवाल्याचं डोकं फिरलंय. पण दिव्याचा उजेड नुसता तोंडावर टाकला, तर तो खेकसल्यासारखा पडतो. नाकाची सावली काळी होते, कपाळ चकाकतं, माणूस पकडलेल्या चोरासारखा दिसतो. तोच उजेड माझ्या पांढऱ्या पदरात येऊन परत फिरला, की मवाळ होतो. गालावरून हळूच उतरतो, हनुवटीखाली थोडी सावली ठेवतो. अण्णा मला नेहमी माणसाच्या एका बाजूला, डोक्यापेक्षा जरा वर ठेवत. घरात खिडकी असते तशी. "उजेड खिडकीतनं आल्यागत वाटला पाहिजे," ते म्हणत.

माझ्या सोबतीला दोन लेन्स होत्या. एक पस्तीस मिलिमीटरची, आखूड आणि उतावळी. तिला सगळी खोली दिसायची, म्हणून चेहरा मोठा हवा असेल तर अगदी जवळ जावं लागायचं, आणि इतक्या जवळून नाक आधी पोचायचं, माणूस मागून. दुसरी पंच्याऐंशीची, शांत स्वभावाची. ती चार पावलं मागे उभी राहायची आणि चेहरा जसा आहे तसा बघायची. घोळक्याचे फोटो पहिलीकडे, एकट्या माणसाचे दुसरीकडे, अशी वाटणी होती.

अण्णांचे नियम थोडेच होते, पण कडक. फोटो सांध्यावर कापायचा नाही, म्हणजे मनगटावर, कोपरावर, गुडघ्यावर कड येता कामा नये. माणूस ज्या बाजूला बघतो, त्या बाजूला मोकळी जागा सोडायची. आणि डोक्याभोवती थोडा अवकाश ठेवायचा. "माणूस हलतंय," ते म्हणायचे, "त्याला फोटोतबी हलायला जागा पाहिजे."

मी सर्वांत जास्त ऐकलेला शब्द म्हणजे 'नगी'. हा कानडी शब्द. नगी म्हणजे हसा. "स्वल्प नगी!" असं अण्णा म्हणाले, की समोरचा थोडं हसायचा, कॅमेरा क्लिक करायचा, दिवा चमकायचा आणि मी लख्ख व्हायचे. नवरानवरी, नोकरीला लागलेली मुलं, पदवीचा झगा घालून घामाघूम झालेल्या मुली, सगळ्यांवर मी उजेड धरला. फोटो बघून लोक म्हणायचे, "अय्यो, इतकी चांगली दिसते का मी?" ते कॅमेऱ्याचं कौतुक करत. छत्रीला कोण विचारतं? पण मला सुख व्हायचं.

मग दिवस पालटले, मित्रांनो. प्रत्येकाच्या खिशात फोन आला. स्टुडिओत लोक येऊ लागले ते फक्त पासपोर्टच्या फोटोसाठी, आणि त्यात हसायचंच नसतं. अण्णांचे हात थरथरू लागले, तेव्हा त्यांनी कॅमेरा लेकीच्या, शिवलीलाच्या हातात दिला. लीला हुशार. तिने दोन सपाट, चौकोनी नवे दिवे आणले. माझी तर एक काडी मोडली होती, पॉपलीन पिवळं पडलं होतं. तिने मला मिटून, घट्ट बांधून माळ्यावर ठेवलं. तिथे कोळ्यांनी माझ्यात संसार थाटला. मी त्यांना कधी हाकललं नाही, तेवढीच सोबत.

यंदा माळा आवरायचं ठरलं. "ही छत्री उद्या भंगारात," असं लीलाने खालून सांगितलेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. आणि त्याच दुपारी हौसाबाई आल्या.

हौसाबाई कऱ्हाडकडच्या, आल्या आल्याच त्यांनी अण्णांना नाव-गाव सांगून टाकलं. इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करणाऱ्या नातीकडे, यशश्रीकडे, महिनाभर राहायला आल्या होत्या. त्याच संध्याकाळी त्यांची गावची गाडी होती. माळ्याच्या फटीतून मला सगळं दिसत होतं. नऊवारी लुगडं, कपाळावर हिरवं गोंदण, आणि चेहऱ्यावर सुरकुत्यांची अशी सुंदर नक्षी की माझं पिवळं पॉपलीन शहारलं.

"आजीचं एक छान पोर्ट्रेट हवंय," यशश्री म्हणाली. "दोन स्टुडिओ झाले. सगळीकडे ती अशी बघते की जणू कुणी तिची म्हैस सोडून नेलीय."

"म्हस नेली असती तर बरं झालं असतं, एवढं हिंडावं तरी लागलं नसतं," हौसाबाई म्हणाल्या. मग त्यांनी लीलाला आपलं गाऱ्हाणं नीट सांगितलं. "ह्ये बघ बाई. माझं मालक गेलं, तवा भिंतीवर लावाय त्यांचा फोटूच न्हवता. कुणाच्या तरी लग्नातला घोळक्याचा फोटू कापून काढला. त्यात शेजारच्या माणसाचं कोपर तसंच ऱ्हायलंय. रोज उदबत्ती लावती, ती त्या कोपरालाबी लागतीया. माझं तसं नगं. मला माझा एकटीचा, हसरा फोटू पायजे. आत्ताच, मला बघाय मिळंल असा."

"आजी, असं काय बोलतेस!" यशश्री म्हणाली.

"बरं बोलतीया. फोटू माझा, भिंत माझी. आन् ती पावडर नगं मला, ठेव तिकडं."

लीलाने नवे दिवे दोन्ही बाजूंनी लावले. चेहरा थापलेल्या भाकरीसारखा सपाट आला. तिने एक दिवा बंद केला. आता सुरकुत्या नांगरटीसारख्या दिसायला लागल्या.

काउंटरमागे बसलेले अण्णा म्हणाले, "लीला, माळ्यावरची म्हातारी काढ."

"म्हातारी मी हितंच हाय की!" हौसाबाई म्हणाल्या.

"तुम्ही न्हवं हौसाक्का, आमची दुसरी हाय एक."

"अप्पा, ती मोडलीय. उद्या भंगारात जायचीय," लीला वडिलांना म्हणाली.

"उद्या जाऊ दे. आज काढ."

ती मला घेऊन खाली आली. कोळ्यांचा निरोप घ्यायलाही वेळ मिळाला नाही. तिने माझी धूळ झटकली, मोडकी काडी चिकटपट्टीने बांधली, मला स्टँडवर चढवलं आणि दिव्याचं तोंड माझ्याकडे वळवलं. किती काळाने माझं पोट उजेडाने भरलं! पिवळ्या पडलेल्या कापडाने तो उजेड जरा उबदार केला आणि मी तो हौसाबाईंच्या गालावर अलगद ठेवला. सुरकुत्या तशाच राहिल्या, पण आता त्या जखमांसारख्या नव्हे, तर हातमागाच्या विणीसारख्या दिसत होत्या.

"सरी, जमलं," लीला हळूच म्हणाली. तिने पंच्याऐंशीची लेन्स लावली, चार पावलं मागे गेली, डोक्याभोवती आणि हातांभोवती मोकळी जागा सोडली. बाकी सगळं झालं होतं. हसू तेवढं राहिलं होतं.

"स्वल्प नगी, अज्जी," लीला सवयीने कानडीत म्हणाली.

हौसाबाईंनी ओठ मिटले.

"नगी, नगी!"

त्यांनी हनुवटी आत घेतली.

"अज्जी, नगी ना!"

आता तर त्यांनी श्वासही धरला. यशश्रीने हातातल्या फोनवर वेळ पाहिली. "आजी, प्लीज, रिलॅक्स. गाडी चुकेल." लीला कपाळ पुसू लागली. मला वाटलं, संपलं. हौसाबाई हसऱ्या फोटोशिवाय गावाला जाणार आणि मी भंगारात.

तेवढ्यात हौसाबाईच कडाडल्या, "अगं ए बाई! नगं नगं म्हणून किती वरडशील? मी काय करतीया गं? गप तर बसलीया!"

मग काउंटरमागून एक आवाज आला. आधी वाटलं अण्णांना ठसका लागला. ते हसत होते. काउंटर धरून हसत होते.

"लीला, तू बंगळुरात जन्मलीस, तुला कसं कळावं! अगं, आमच्या निपाणीकडं आन् त्यांच्या कऱ्हाडाकडं 'नगं' म्हंजे 'नको'. तू हसा म्हणतीयास आन् त्यास्नी ऐकू येतंय, नगं, हसू नगं!"

हौसाबाई अण्णांकडे बघत राहिल्या. "म्हंजे ही मघापास्नं मला हस म्हणतीया?"

"व्हय, हौसाक्का."

"आन् त्या आधीच्या दोन ठिकाणीबी त्ये असंच वरडत हुते! मला वाटलं, ह्या गावात म्हाताऱ्यास्नी हसायची बंदी हाय!"

आणि हौसाबाई हसल्या. मान मागे टाकून, खांदे हलवत, पदर घसरेपर्यंत हसल्या. सवयीने तोंड झाकायला त्यांचा हात वर निघाला. तो ओठांपर्यंत पोचायच्या आत कॅमेरा क्लिक झाला आणि मी लख्ख झाले.

मोकळी जागा सोडली होती, म्हणून तो उठलेला हात सबंध फोटोत आला. बांगड्यांसकट, कोपरासकट. आणि ते कोपर त्यांचं स्वतःचं होतं.

लीलाने फोटो पडद्यावर मोठा करून दाखवला. यशश्री पुढे वाकली. "आजीच्या डोळ्यांत हे पांढरं काय आहे?"

दोन्ही डोळ्यांत मी होते, मित्रांनो! तांदळाच्या दाण्याएवढी, पण काड्यांसकट. इतकी वर्षं लोकांच्या डोळ्यांत मी अशी दिसत आले होते आणि मला ते कुणी दाखवलं नव्हतं.

"छत्री आहे आमची," लीला म्हणाली. "आत्ता पुसून टाकते."

"पुसू नगं," हौसाबाई म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे. माझ्या मालकांच्या फोटूत परक्याचं कोपर, माझ्यात छत्री. कोपरापरास छत्री बरी. वर गेल्यावर उनापावसाला उपेगी पडंल."

हौसाबाई गाडीला वेळेवर पोचल्या. दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. लीलाने त्याला मोडका पंखा दिला, जुने पत्रे दिले. मला नाही दिलं. उमाजीच्या जागेवर आता जो कारागीर बसतो, त्याच्याकडे नेऊन तिने मला नवी काडी बसवून घेतली. त्यानेही तेच विचारलं, "कापड आतून कशाला?" मी मनातल्या मनात हसले.

तर मित्रांनो, एवढं ऐका. जुन्या वस्तूला घट्ट बांधून अंधारात टाकू नका. अधूनमधून उघडा, झटका, वारा लागू द्या. तुमच्या घरी आजी-आजोबा असतील, तर त्यांचा एखादा फोटो एकेकट्याचा काढा. कुणाच्या लग्नाच्या घोळक्यातून कापायची वेळ आणू नका. दिवा तोंडावर मारू नका, उजेड जरा वळवून आणा. आणि आजीला हसायला सांगायचं असेल, तर आधी तिला कळेल अशा भाषेत सांगा. मग बघा, ती कशी हसते!