पांढरी फरशी

आमच्या गावचा काचकारखाना पाडून तिथं काचेचं म्युझियम बांधलं. काच करणाऱ्यांना हाकलायचं आणि काच बघायला गर्दी बोलवायची, याला प्रागमध्ये संस्कृती म्हणतात. भिंती काचेच्या, रोज पाखरं आपटून मरतात. फरशी पांढरीफेक. आर्किटेक्टला काजळी बघवत नाही. मधोमध भट्टी, भोवती बसायला पायऱ्या. पूर्वी आम्ही काम करायचो, आता उरलेसुरले 'सादर' करतो.

म्युझियममधली निम्मी भांडी वेंडेलीनदादानं फुंकलेली. ब्लांकाबाई कागदावर चित्र काढायच्या, दादा भट्टीवर वितळलेल्या काचेत नळीनं हवा फुंकून ते घडवायचा. पाटीवर नाव बाईंचं एकटीचं. दादाला एवढंच हवं होतं, की त्याचंही नाव खाली यावं.

"जुन्या भांड्यांवर आम्ही 'अज्ञात कारागीर' लिहितो," डायरेक्टर सोउचेक म्हणाले. "तुमच्याही लिहू."

"अज्ञात? अहो साहेब, मी समोर उभा आहे की!"

"जिवंत माणसाचं नाव घातलं की हक्कांची भानगड होते, दादा. समजून घ्या."

उद्घाटनाला मंत्री आले. बाईंची नवी फुलदाणी सगळ्यांसमोर फुंकायची होती. दादानं बाकावर बैठक मारली आणि बिअर उघडली. आम्हीही चिमटे खाली ठेवले.

"दादा, सुरू करा ना!" सोउचेक दात आवळून म्हणाले.

"मी कोण करणारा? तुमच्या त्या अज्ञाताला हुडका. घरीच असेल मेला."

पायऱ्यांवर हशा पिकला. बाई लालबुंद झाल्या. "आयुष्य घातलंय मी काचेत! द्या इकडं!"

त्यांनी फुंकणी भट्टीत खुपसली, वितळलेल्या काचेचा गोळा उचलला आणि मंत्र्यांकडं वळून हसल्या. फुंकणी सतत फिरवत ठेवावी लागते, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाई हसत राहिल्या. काच मधासारखी ओघळली आणि थेट पांढऱ्या फरशीवर पडली. धूर, ठसका, मंत्री खुर्चीवर चढलेले.

डाग निघेना. मग त्याच्याभोवती दोरी बांधली, पाटी लावली: 'ब्लांका हाय्डलोवा. काच आणि फरशी.' लोक वाकून वाकून फोटो काढतात.

दादाला कामावरून काढलं. गेल्या रविवारी तो तिकीट काढून आत आला. आपल्या भांड्यांपुढून न थांबता गेला. डागापाशी मात्र टोपी काढून उभा राहिला, पाटी वाचली.

"साहेब," तो सोउचेकना म्हणाला, "या इमारतीत एक पाटी तरी खरी लागली."