जड हात

त्या घरातल्या दोन्ही जावा एकाच कारखान्यात कामाला होत्या. कारखाना सलाईनच्या बाटल्यांचा. धाकटी बाटल्या भरण्याच्या खोलीत, थोरली त्याच बाटल्या तपासण्याच्या खोलीत. म्हणजे धाकटीच्या कामात खोट काढण्याचा थोरलीला पगार मिळायचा. घरी ती हेच काम फुकट करायची.

तपासणी दिसायला सोपी होती. बारीक खळग्यांच्या प्लेटमध्ये रक्तातल्या पहारेकरी पेशी सोडायच्या, त्यांत सलाईनचे थेंब टाकायचे आणि रात्रभर ठेवून द्यायचं. या पेशींना शहाणपण उपजतच असतं. जंतू त्यांनी जन्मात पाहिलेला नसतो, तरी त्याच्या कवचाचा एवढासा तुकडा समोर आला की त्या ओळखतात आणि बोंब ठोकतात. मग खळग्यातलं पाणी निळं होतं. निळं दिसलं की रिपोर्टवर ‘परकं आढळलं’ असं लिहायचं. बावीस वर्षांत थोरलीची एकही तपासणी चुकली नव्हती, आणि हे ज्याला ऐकवलं नाही असं नात्यात कोणी उरलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी ती पुतणीची वेणी घालत होती. पोरगी कळवळली. धाकटीने येऊन कंगवा काढून घेतला.

“ताई, राहू द्या. तुमचा हात जड आहे.”

बोलणं एवढंच, पण ते थोरलीच्या जिव्हारी लागलं. ज्या हातावर कारखाना विसंबतो त्याला जड म्हणणारी ही कोण? लग्नाला नऊ वर्षं झाली होती, तरी थोरलीच्या लेखी धाकटी परकीच होती.

टेबलावर बसेपर्यंत राग उतरला नव्हता. नियमाप्रमाणे तुलनेचे खळगे, म्हणजे सलाईन नसलेले, शेजारच्या टेबलावरच्या बाईने भरले. बाकीचे थोरलीने. पिपेटचा दट्ट्या ती असा दाबत होती की आत बुडबुडे उठत होते. “म्हणे जड!” असं एकदा ती मोठ्यानेही म्हणाली.

बुधवारी तिचे सगळे खळगे निळेशार होते. तुलनेचे स्वच्छ.

नियम सगळ्यांना पाठ होता. परकं आढळलं की सगळा माल नष्ट करायचा आणि तो भरणाऱ्या बाईची नोकरी जायची. माल धाकटीने भरला होता. खोटं कशाला सांगा, थोरलीला आधी बरं वाटलं. मग धाकटीचा पगार बंद झाल्यावर पुतणीच्या शाळेचं काय, हे आठवलं आणि बरं वाटेनासं झालं.

सवयीने तिने प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली धरली. तुलनेच्या खळग्यांत पेशी टवटवीत होत्या. तिच्या खळग्यांत निम्म्या फुटल्या होत्या. रिपोर्टचा कागद तिने बाजूला सारला. कारण या पेशींना आणखी एक गोष्ट ओळखता येते. शेजारची पेशी फुटली आणि जे तिच्या आत राहायचं ते बाहेर सांडलं, तरीही त्या तशीच बोंब ठोकतात. निळा रंग तोच असतो. त्यासाठी बाहेरून कोणी यावं लागत नाही.

तरी खात्री हवी होती. तिने नवी प्लेट घेतली. सलाईनचा थेंबही न घालता अर्धे खळगे हलक्या हाताने भरले, अर्धे कालच्यासारखा दट्ट्या जोरात दाबून. गुरुवारी दुसरे अर्धे निळे झाले होते.

तपासणी विभागाच्या मॅडमनी बोलावलं तेव्हा धाकटी तिथे उभीच होती, तोंड उतरलेलं. फॉर्मवर भरणारीचीही सही लागते.

“निळं आहे ना? मग लिहून टाका आणि मोकळ्या व्हा,” मॅडम म्हणाल्या.

थोरलीपुढे दोनच शब्द होते. ते लिहिले असते तर तिला कोणीही जाब विचारला नसता. न लिहिता स्वतःची चूक कबूल केली तर बावीस वर्षांच्या टेबलावरून उठून लेबलं चिकटवायला बसावं लागणार होतं. तिला रडू येत होतं, आणि धाकटीसमोर तर मुळीच रडायचं नव्हतं.

तिने दुसरी प्लेट मॅडमपुढे ठेवली. “परकं काही नाही, मॅडम. पेशी माझ्याकडून फुटल्या. तपासणी दुसऱ्या कोणाकडून करून घ्या.”

“कारण काय लिहिणार?”

थोरलीने लिहिलं आणि कागद धाकटीकडे सरकवला. कारणाच्या रकान्यात होतं: तपासणारीचा हात जड.

धाकटीने दोनदा वाचलं. पेन हातात तसंच राहिलं.

“ताई, मी केसांपुरतं म्हटलं होतं.”

“ठाऊक आहे,” थोरली म्हणाली. “कर सही. आणि उद्यापासून वेणी तूच घाल.”